ताटलीभर दूध पुरेसे नाही

संध्याकाळी बाजाराची आवराआवर सुरू झाली की मांजरे गोळा होतात. शिरूर असो की दौंड, हे दृश्य सारखेच. कोणी पोळीचा तुकडा टाकते, कोणी ताटलीत दूध ओतते. उन्हाळ्यात चार दिसणारी मांजरे दिवाळीपर्यंत दहा-बारा होतात. मग घाण, रात्रीची भांडणे आणि पत्र्यावरची धावाधाव यांच्या तक्रारी सुरू होतात. शेवटी कोणीतरी पिल्ले पोत्यात भरून घोडनदीच्या किंवा भीमेच्या पलीकडे, अहिल्यानगर जिल्ह्यात सोडून येते. प्रश्न सुटत नाही, फक्त जिल्हा बदलतो. बाजारात अन्न तेवढेच उरते आणि सहा महिन्यांत तिथे पुन्हा तेवढीच मांजरे दिसू लागतात.

खाऊ घालणारा आणि पोत्यात भरणारा, दोघेही आपापल्या परीने प्रश्न सोडवतच असतात. पण मांजराच्या प्रजननाचा वेग दोघेही लक्षात घेत नाहीत. भाटी साधारण पाच-सहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते. गर्भकाळ जेमतेम दोन महिन्यांचा असतो आणि एका वेताला तीन ते पाच पिल्ले होतात. आपल्याकडच्या उबदार हवेत वर्षात दोन-तीन वेतेही होतात. यातली फार थोडी पिल्ले जगतात. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना राज्यात मोकाट मांजरांच्या १६९ पिल्लांवर नजर ठेवण्यात आली. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार सहा महिन्यांच्या आत त्यातली ७५ टक्के मेली किंवा नाहीशी झाली. म्हणजे नसबंदीशिवाय नुसते खाऊ घालणे म्हणजे मरणारी पिल्ले वाढवणे. शिवाय मोठ्या मांजरांपैकी अनेकांना दूध पचत नाही, त्याने जुलाब होतात. ताटलीत दूध नव्हे, पाणी ठेवावे.

यावरचा उपाय जगभर एकाच क्रमाने केला जातो: पिंजरा लावून पकडणे, नसबंदी, रेबीजची लस आणि त्याच जागी परत सोडणे. भूल दिलेली असतानाच डाव्या कानाचे टोक किंचित कापतात, म्हणजे तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. ही खूण क्रूर वाटली, तरी दुसऱ्यांदा पोटावर चीर पडण्यापेक्षा ती बरी. मुंबई आणि पुणे महापालिकांनी कुत्र्यांबरोबर मांजरांच्याही नसबंदीचे काम हाती घेतले आहे. तालुक्याच्या गावांपर्यंत मात्र ते पोहोचलेले नाही.

या उपायाचे यश दोन अटींवर अवलंबून आहे. पहिली अट, काम अर्धवट नको. इस्रायलमधील रिशोन लेझिऑन शहरात बारा वर्षे नोंदी ठेवल्या गेल्या. शहराच्या निम्म्या भागातच नसबंदी झाली तोवर मांजरे कमी झाली नाहीत. सलग सगळ्या भागांत ७० टक्क्यांहून अधिक मांजरांची नसबंदी झाली, तेव्हा संख्या वर्षाला सुमारे सात टक्क्यांनी घटू लागली. म्हणून गावभर दोन-दोन मांजरे पकडण्यापेक्षा एका बाजाराची सगळी मांजरे आधी पूर्ण करावीत आणि मग पुढच्या आळीकडे वळावे.

दुसरी अट, नवी मांजरे येऊन पडता कामा नयेत. फ्लोरिडातील एका विद्यापीठाच्या आवारात अकरा वर्षांत १५५ मांजरांची नोंद झाली आणि २००२ मध्ये तिथे २३ उरली. पण त्या १५५ पैकी जवळजवळ निम्म्यांना घरे मिळाली होती, हे विसरता येणार नाही. रोममध्ये मोकाट मांजरांना कायद्याचे संरक्षण आहे आणि नसबंदीही नियमित होते. तरी लोक घरची मांजरे आणून सोडतात, त्यामुळे तिथल्या कामाचा बराचसा परिणाम वाया गेल्याचे अभ्यासकांनी नोंदवले आहे. आपल्याकडेही मूळ दुखणे हेच आहे. प्राण्याची उपासमार होईल अशा स्थितीत त्याला सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पोते घेऊन नदीपलीकडे जाणाऱ्याला हे कोणीतरी सांगायला हवे.

‘माणसांचे दवाखाने नीट नाहीत, तिथे मांजरांचे लाड कशाला?’ असे विचारले जाते. पण हा माणसांच्याच आरोग्याचा प्रश्न आहे. रेबीज मांजराकडूनही होतो. तरी मांजराने चावले किंवा ओरबाडले की हळद लावून लोक मोकळे होतात. जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठायला हवे. लक्षणे दिसू लागल्यावर या रोगातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही.

या भागात आणखी एक कारण आहे. इथल्या उसात बिबटे आहेत. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत तीन जणांचा जीव गेला. शेजारच्या जिल्ह्यातील अकोले तालुक्यात बिबट्याच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा निघाला. सर्वाधिक कुत्रे होते आणि मांजरेही होती. हल्ल्यांचा दोष मांजरांवर टाकणे चुकीचे ठरेल. पण रात्रभर उघड्यावर पडलेले अन्न, त्यावर जमणारी कुत्री-मांजरे आणि लागूनच ऊस, ही मांडणी शहाणपणाची नाही. खाऊ घालणाऱ्यांनी दिवसाउजेडी, ठरल्या जागी, संपेल एवढेच घालावे आणि भांडी उचलून न्यावीत.

हे काम एकट्यादुकट्याचे नाही. खाऊ घालणाऱ्यांनाच मांजरांची संख्या, सवयी आणि कोणती भाटी गाभण आहे हे ठाऊक असते, म्हणून मोजणी आणि पकडणे त्यांच्याकडे द्यावे. दोन्ही नगर परिषदांनी पिंजरे, औषधे आणि शस्त्रक्रियेनंतर एक-दोन दिवस मांजरे ठेवण्यापुरती खोली द्यावी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांवर गाई-म्हशींचाच भार मोठा आहे. तेव्हा शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या मदतीने वर्षातून दोन शिबिरे घेता येतील का, हे विचारून पाहावे. बाजार समितीने सांडलेला माल आणि कचरा रोज उचलला, तर उंदीरही कमी होतील आणि मांजरेही.

संख्या एका वर्षात कमी होणार नाही. पण पुढच्या पावसाळ्यात बाजारातल्या पत्र्याखाली एकही नवे पिल्लू दिसले नाही, तर काम बरोबर चालले आहे असे समजावे. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न जुना आहे. इथे घंटा नको, पिंजरा लावायचा आहे. आणि तो रोज ताटली ठेवणाऱ्या हातांनीच लावायला हवा.