फोटोमागची नावे

परकीय राजवटीत कॅमेरा या देशात हिंडला, तो प्रामुख्याने राज्यकर्त्यांची नजर घेऊन. १८६८ ते १८७५ या काळात लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत माणसे आहेत, पण ती जातीजमातींचे नमुने म्हणून, अनेकदा नावावाचून. चाळीसगावचे कलामहर्षी केकी मूस (१९१२-१९८९) यांनी नेमका उलटा मार्ग पत्करला. इंग्लंडमध्ये कलाशिक्षण घेऊन ते परतले आणि स्टेशनाजवळच्या आपल्या बंगल्यात जवळजवळ अर्धशतक एकांतात राहिले. टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंतून त्यांनी आपले छायाचित्रविश्व उभे केले. ते घर आज कलासंग्रहालय म्हणून जपले गेले आहे, ही गावाला भूषणावह गोष्ट होय.

परंतु एका कलावंताचे स्मारक राखले, म्हणजे गावाचे कर्तव्य संपत नाही. शाळेचे वर्ग, लग्नाची वऱ्हाडे, रेल्वेचे कामगार, कापसाचे जिन यांची जुनी छायाचित्रे हाही खानदेशचा इतिहासच आहे. शाळांनी आणि वाचनालयांनी ती गोळा करावीत; विद्यार्थ्यांनी घरातील वडीलधाऱ्यांना विचारून प्रत्येक फोटोमागे नाव, गाव आणि साल शिसपेन्सिलीने लिहावे. जाणती माणसे आहेत तोवरच हे होऊ शकेल. एरवी पुढच्या पिढीला आपलीच माणसे निनावी नमुने ठरतील, आणि त्याचा दोष परक्यांवर ढकलता येणार नाही.