रेणुकेचे विस्मरण, रोहिणीचे नाव

जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई हे गाव आहे. पंचक्रोशीत ते मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. पिंपळगावे महाराष्ट्रात गल्लोगल्ली सापडावीत इतकी आहेत. हे पिंपळगाव वेगळे ओळखू यावे ते रेणुकेच्या नावामुळे. जमदग्नींची पत्नी, परशुरामाची आई आणि माहूरगडाची देवी असलेल्या रेणुकेची कथा मराठवाड्यात कोणाला नव्याने सांगावी लागत नाही. पित्याच्या आज्ञेवरून पुत्राने आईचा शिरच्छेद केला, प्रसन्न झालेल्या पित्याकडे वर मागितला आणि आई पुन्हा उठून बसली, एवढे सर्वांना पाठ असते. महाभारताच्या वनपर्वात मात्र या वराला आणखी एक पोटकलम आहे. आई जिवंत व्हावी, एवढेच मागून परशुराम थांबत नाही. आपला वध झाला होता याचे तिला स्मरण राहू नये, असेही तो मागून घेतो.

कथेतील चमत्कार म्हणून आपण पुनर्जीवनाकडे पाहतो. वास्तविक अधिक अवघड चमत्कार दुसरा आहे. ज्या देहावर एवढे मोठे काही घडले, त्या देहाच्या मालकिणीला ते आठवू नये, ही व्यवस्था करण्यासाठी परशुरामाला तपस्वी पित्याचे सामर्थ्य लागले. आंतरराष्ट्रीय व्यापारी सरोगसीने हेच काम कराराच्या चार पानांवर करून दाखवले. 2015 साली भारताने परदेशी दाम्पत्यांसाठी हा दरवाजा बंद केला आणि 2021च्या कायद्याने देशांतर्गत व्यापारी सरोगसीही गुन्हा ठरवली. प्रश्न मिटला, असे त्यामुळे सर्वसाधारणपणे समजले जाते. तो मिटलेला नाही. त्याची आठवण तेवढी पुसली गेली आहे.

मातृत्वाचे नवे तंत्र आणि पुराणकथा यांची सांगड घालण्याची आपल्याकडे मोठी हौस आहे. 25 ऑक्टोबर 2014 रोजी मुंबईत एका रुग्णालयाच्या समारंभात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी कर्णाचा जन्म मातेच्या उदरातून झाला नव्हता, म्हणजे त्या काळी जनुकशास्त्र होते, अशा आशयाचे विधान केले. 2019च्या जानेवारीत जालंधरच्या विज्ञान काँग्रेसमध्ये आंध्र विद्यापीठाच्या तत्कालीन कुलगुरूंनी कौरवांचा जन्म टेस्ट ट्यूब तंत्राने झाल्याचे सांगितले. सरोगसीचा विषय निघाला की याच चालीवर बलरामाचे नाव हमखास येते. यावर दोन्ही बाजूंनी होणारा वाद ठरीव आहे: एक पक्ष अभिमानाने फुलतो, दुसरा थट्टा करतो, आणि मूळ कथा वाचण्याची तसदी दोघेही घेत नाहीत.

ती वाचली तर भलतेच काही हाती लागते. भागवताच्या दशम स्कंधात भगवंतांच्या आज्ञेवरून योगमाया देवकीचा सातवा गर्भ काढून गोकुळात नंदाच्या घरी राहणाऱ्या रोहिणीच्या उदरात ठेवते. मथुरेचे लोक देवकीचा गर्भपात झाला म्हणून हळहळतात. गर्भाचे असे आकर्षण झाले म्हणून मुलाचे नाव संकर्षण. पण त्याचे दुसरे नाव अधिक बोलके आहे. परंपरा बलरामाला रौहिणेय म्हणते, रोहिणीचा पुत्र. बीज देवकी-वसुदेवांचे असूनही जिने वाढवले आणि जन्म दिला, तिचे नाव मुलाला लागले. जैनांच्या श्वेतांबर परंपरेतही अशीच एक कथा आहे. महावीरांचा गर्भ 82 दिवस देवानंदा या ब्राह्मण स्त्रीच्या उदरात होता. नंतर हरिणैगमेषी देवाने तो राणी त्रिशलेच्या उदरात नेऊन ठेवला. पुढे कित्येक वर्षांनी तीर्थंकर झालेल्या महावीरांच्या दर्शनाला देवानंदा येते आणि तिला पान्हा फुटतो. गौतम चकित होऊन कारण विचारतो, तेव्हा महावीर सभेसमक्ष सांगतात की ही माझी माता आहे. भगवतीसूत्रातील हा प्रसंग विज्ञानाचा पुरावा नव्हे. परंतु गर्भ हलवण्याचे सामर्थ्य कल्पिणाऱ्यांना त्या स्त्रीचे पुढे काय झाले, हा प्रश्नही पडला होता, याचा मात्र तो पुरावा आहे.

आता अर्वाचीन योगमायेकडे वळू. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2005 साली कृत्रिम प्रजननाच्या केंद्रांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. ती कायदा नव्हती. पाळली नाहीत तर शिक्षा नव्हती. जन्मदाखल्यावर जनुकीय मातापित्यांचे नाव असावे, हे मात्र त्यात स्पष्ट होते आणि तेवढे कलम सर्वांनी आनंदाने पाळले. अमेरिकेत ज्या खर्चात हे काम होई, त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शात ते मुंबईत किंवा गुजरातमधील आणंदमध्ये होऊ लागले. त्यातले गर्भ वाढवणाऱ्या स्त्रीच्या हाती साधारण दोन ते चार लाख रुपये पडत. विधी आयोगाने 2009च्या आपल्या 228व्या अहवालात कृत्रिम प्रजननाच्या एकूण उद्योगाचा आकडा 25 हजार कोटी रुपये दिला. अहवालाचा सूर नापसंतीचा होता. पण सरकार जागे होण्यास आणखी सहा वर्षे लागली.

या व्यवहाराचे अंतरंग ज्यांनी जवळून पाहिले त्यांत समाजशास्त्रज्ञ अमृता पांडे यांचे नाव घ्यावे लागेल. आणंद येथील स्त्रियांच्या अभ्यासावरील त्यांचे पुस्तक 2014 साली प्रसिद्ध झाले. गर्भारपणाचे महिने या स्त्रिया वसतिगृहात काढत. शेजाऱ्यापाजाऱ्यांना परगावी कामाला गेल्याचे सांगितले जाई. आपण केवळ जागा भाड्याने दिली आहे, पाहुणा येईल आणि जाईल, हे त्यांच्या मनावर सातत्याने बिंबवले जाई. गर्भ जपताना तिने आदर्श माता असावे आणि नाळ कापताच आदर्श कामगार व्हावे, अशी ही दुहेरी अपेक्षा होती. मात्र त्या स्त्रिया हे सारे जसेच्या तसे मान्य करत नव्हत्या. बीज दुसऱ्याचे असेल, पण रक्त तर माझे आटले ना, असा त्यांचा युक्तिवाद होता. रोहिणीचाच तो युक्तिवाद.

न्यायालयांत हा प्रश्न गेला तो स्त्रियांमुळे नव्हे, मुले अडकून पडली म्हणून. 2008 साली आणंदमध्ये एका जपानी दाम्पत्यासाठी मुलगी जन्मली. जन्मापूर्वीच पती-पत्नीचा घटस्फोट झाला होता आणि नियोजित आईला मूल नको होते. त्या अर्भकाची आजी भारतात येऊन तिष्ठत राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि काही महिन्यांनी मुलगी जपानला जाऊ शकली. एका इस्रायली पित्याची 2010 साली मुंबईत जन्मलेली जुळी मुले जेरुसलेमच्या कौटुंबिक न्यायालयाच्या भूमिकेमुळे काही आठवडे अशीच येथे अडकली. या साऱ्यांत सर्वांत महत्त्वाचे प्रकरण जर्मन पित्याच्या जुळ्यांचे. जर्मनी सरोगसी मानत नसल्याने मुलांना त्या देशाचे नागरिकत्व मिळेना. नोव्हेंबर 2009 मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने म्हटले, की मुले भारतात, भारतीय स्त्रीच्या पोटी जन्मली आहेत. म्हणून ती भारतीय नागरिक आहेत आणि जन्म देणारी स्त्रीच त्यांची नैसर्गिक माता आहे. भारतीय न्यायसंस्थेने या स्त्रीला आई म्हटल्याचा हा दुर्मिळ क्षण. मुले पुढे 2010 मध्ये दत्तकविधानाच्या वाटेने जर्मनीला गेली आणि निकालातील ते वाक्य कायद्याच्या पुस्तकांत राहिले.

जी स्त्री या वाटेवर मेली, तिच्यासाठी मात्र असा निकाल नाही. 2012च्या मे महिन्यात अहमदाबादमध्ये तीस वर्षांची एक सरोगेट माता आठव्या महिन्यात कोसळली. शस्त्रक्रिया करून मूल वाचवण्यात आले. ती वाचली नाही. मूल एका अमेरिकी स्त्रीसाठी होते.

मराठी प्रेक्षकाला हा विषय उंबरठ्याच्या आत आणून दाखवला तो समृद्धी पोरे यांनी. व्यवसायाने वकील असलेल्या पोरे यांच्या ‘मला आई व्हायचंय!’ या चित्रपटाला उत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. हिंदीतील ‘मिमी’ (2021) ही त्याचीच आवृत्ती. मूल अपंग जन्मेल असे कळताच परदेशी स्त्री पाठ फिरवते, गरीब मराठी स्त्री ते मूल जन्माला घालून वाढवते, आणि काही वर्षांनी पहिली स्त्री हक्क सांगत परतते, असे कथासूत्र. नायिकेचे नाव यशोदा ठेवले आहे. नाव गोड असले तरी ही निवड मला थोडी खटकते. यशोदेने कृष्णाला वाढवले, पण त्याला जन्म दिला नव्हता. या स्त्रीने तर दोन्ही केले. आपल्या भावविश्वात पोसणाऱ्या आईसाठी यशोदेची जागा तयार होती, रोहिणीसाठी ती कधी तयारच झाली नाही, हेच त्यातून दिसते.

4 नोव्हेंबर 2015 रोजी केंद्र सरकारने परदेशी नागरिकांसाठी भारतातील सरोगसी थांबवली. त्याआधीच, 2012च्या व्हिसा नियमांनी एकट्या व समलिंगी परदेशी व्यक्तींना वगळले होते. व्यवहार त्यामुळे संपला नाही, तो स्थलांतरित झाला. बरीच गिऱ्हाइके थायलंडला गेली. तेथे 2014 साली डाउन सिंड्रोम असलेले एक बाळ ऑस्ट्रेलियन दाम्पत्याने मागे ठेवल्याचे प्रकरण गाजले आणि 2015 मध्ये तेथेही बंदी आली. नेपाळमध्ये तर भारतीय स्त्रियाच सीमा ओलांडून गर्भ वाढवायला जात होत्या. एप्रिल 2015च्या भूकंपानंतर इस्रायलने नवजात बालकांना विमानाने मायदेशी नेले. ज्यांनी त्यांना जन्म दिला त्या स्त्रिया ढिगाऱ्यांच्या शहरात राहिल्या. पुढे कंबोडियाने 2016 मध्ये बंदी घातली. 2020च्या टाळेबंदीत कीव्हमधील एका हॉटेलात रांगेने ठेवलेल्या पाळण्यांची दृश्ये जगाने पाहिली.

ऑगस्ट 2016 मध्ये विधेयकाला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली तेव्हा सुषमा स्वराज यांनी नामांकित मंडळींनी गरजेचा शौक केल्याबद्दल सुनावले होते. विधेयक पाच वर्षे रखडले आणि 25 जानेवारी 2022 पासून कायदा अमलात आला. सरोगेट माता विवाहित, स्वतःचे अपत्य असलेली, 25 ते 35 वयाची हवी. आयुष्यात एकदाच ती हे करू शकते. तिला 36 महिन्यांचा विमा आणि वैद्यकीय खर्च मिळेल, मोबदला मात्र नाही. व्यापारी सरोगसीला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड. ती जवळची नातेवाईकच असावी, ही आधीच्या मसुद्यातील अट राज्यसभेच्या प्रवर समितीच्या शिफारशीनंतर गळाली. भारतीय वंशाच्या परदेशस्थ दाम्पत्यांना मंडळाच्या शिफारशीने वाट मोकळी आहे. तेव्हा न्यू जर्सीतील मराठी कुटुंबाला आजही येथे येता येते.

बंदीचा हेतू मी नाकारत नाही. परंतु या रचनेत डॉक्टर शुल्क घेतो, वकील शुल्क घेतो, प्रयोगशाळा घेते. एकटीनेच परोपकार करायचा ती नऊ महिने गर्भ वाहणारी. आधीच्या काळात तिची किंमत ठरली होती आणि नाव नव्हते. आता किंमतही नाही आणि नावही नाही. जन्मलेले मूल इच्छुक दाम्पत्याचे जैविक अपत्य मानले जाईल, असे कायदा म्हणतो. जैविक हा शब्द येथे केवढे ओझे वाहतो आहे! जून 2024 मध्ये केंद्रीय नागरी सेवेच्या रजा नियमांत दुरुस्ती झाली आणि सरोगेट मातेलाही 180 दिवसांची प्रसूती रजा मिळू लागली. गर्भ वाहिला म्हणून विश्रांतीचा हक्क मानणारी ही तरतूद स्वागतार्हच. फक्त ती सरकारी नोकरीतील स्त्रीसाठी आहे.

मराठवाड्याच्या संदर्भात तर हा अपवाद फारच अपुरा ठरतो. 2019 साली विधान परिषदेच्या तत्कालीन उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांची माहिती आली. 82 हजारांहून अधिक स्त्रियांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पाळीमुळे खाडा पडू नये, खाड्याचे पैसे कापले जाऊ नयेत, ही कारणेही त्यामागे होती. एका टोकाला गर्भाशय भाड्याने जाते, दुसऱ्या टोकाला मजुरी बुडू नये म्हणून ते काढून टाकले जाते. दोन्हींकडे हिशेब मांडणारा मुकादम वेगळा असतो आणि देह मात्र त्याच थरातल्या स्त्रीचा. जिच्यापाशी विकण्यासारखे श्रमाखेरीज काही नाही, तिची संमती किती खरी, हा प्रश्न कायद्याने मोबदला रद्द करून सोडवला नाही. कोल्हापूर-सांगलीच्या फडात जाण्यासाठी उचल घेताना ती जी संमती देते, तिचेही मोल तेच आहे.

आणि आता मुले मोठी होत आहेत. 2008 साली जन्मलेले मूल 2026 मध्ये 18 वर्षांचे होते. 2005च्या मार्गदर्शक तत्त्वांत केंद्राने जनुकीय मातापित्यांना सरोगेट मातेच्या नाव-पत्त्याचे प्रमाणपत्र द्यावे, असेही एक कलम होते. जन्मदाखल्याचे कलम जितक्या तत्परतेने पाळले गेले, तितकी तत्परता याबाबत दाखवण्याची सक्ती कोणावर नव्हती. नव्या कायद्यांनी राष्ट्रीय नोंदवही आणली, ती पुढच्यांसाठी. मागच्या दशकभराच्या नोंदी दवाखान्यांच्या कपाटांत आहेत, काही दवाखाने बंदही झाले. या नोंदी ताब्यात घेऊन जतन करण्याचा आदेश राज्य सरकारला साध्या परिपत्रकाने काढता येण्याजोगा आहे. मुंबईत ही केंद्रे सर्वाधिक गजबजली होती; सुरुवात तेथून करावी. तेल अवीव किंवा सिडनीहून एखादा तरुण आपल्याला नऊ महिने वाढवणाऱ्या स्त्रीचा पत्ता विचारत मुंबईत उतरला, तर त्याच्या हाती देण्यासाठी निदान तो एक कागद तरी कपाटात शिल्लक असला पाहिजे.