तपासणी झाली, पण कशाकशाची?

विमान तपासणीसाठी थांबवलं की आपण आधी कंपनीला शिव्या घालतो, मग व्हिडिओ टाकतो. आता कोल्हापूर, नांदेडहूनही आपली माणसं विमानानं जायला लागलीत, म्हणून हे लिहितोय.

२८ एप्रिल १९८८. अलोहा एअरलाइन्सचं बोइंग ७३७ हवाई बेटांमधल्या हिलोहून होनोलुलूला निघालं. २४ हजार फुटांवर छताचा सुमारे १८ फूट लांबीचा भाग उडून गेला. एक हवाई सुंदरी बाहेर फेकली गेली. वैमानिकांनी विमान कसंबसं माउई बेटावर उतरवलं, म्हणून बाकीचे ९४ जण वाचले.

विमान १९ वर्षं जुनं. उड्डाणं ८९,६८०. प्रत्येक उड्डाणात आतल्या हवेच्या दाबानं विमानाचा पत्रा ताणला जातो, उतरलं की सैल होतो. त्यात समुद्राची खारी हवा. पत्र्यांच्या जोडावर, रिवेटच्या भोकांपाशी बारीक चिरा पडत गेल्या. चढताना एका प्रवाशाला चीर दिसलीही होती, पण ती बोलली नाही.

खरी गोम पुढे आहे. धोका आधीच माहीत होता! बोइंगनं जोड तपासायला सांगितलं होतं. अमेरिकेच्या एफएएनं १९८७ मध्ये तपासणी सक्तीची केली, पण सगळ्या जोडांची नाही. जो जोड सुटला, तो सक्तीच्या यादीत नव्हताच. कंपनीच्या नेहमीच्या देखभालीतही तो कोणी पकडला नाही.

विमान नवीन असलं म्हणून निश्चिंत राहता येतं का? तेही नाही. ५ जानेवारी २०२४ ला अलास्का एअरलाइन्सच्या कोऱ्या विमानाचं, दाराच्या जागी बसवलेलं पॅनेल हवेत निखळलं. चार बोल्ट कारखान्यातच बसवायचे राहिले होते. एफएएनं त्या प्रकारची १७१ विमानं जमिनीवर ठेवली. आपल्या डीजीसीएनंही इथल्या ७३७ मॅक्स विमानांचे आपत्कालीन दरवाजे तपासायला लावले. ते पॅनेल आपल्याकडच्या विमानांत नव्हतं, तरीही. हे योग्यच झालं.

माझं म्हणणं साधं आहे. 'तपासणी पूर्ण' एवढ्या दोन शब्दांवर आपण गप्प बसायचं नाही. काय तपासलं, काय सापडलं, काय दुरुस्त केलं, हे प्रवाशाला कळेल अशा भाषेत जाहीर झालं पाहिजे. रात्रपाळीत हजारो रिवेट एकेक करून बघणाऱ्या माणसाला पुरेसा वेळ आणि पुरेशी झोप मिळाली पाहिजे. आणि त्यापायी विमान तासभर लेट झालं, तर तो तास आपण द्यायलाच हवा.

पटतंय का? कमेंटमध्ये सांगा.