चिपवर खापर

लॅपटॉप पिन ओळखेनासा झाला, ऑफिसचं लॉगिन अडलं, की ओळखीतला कोणी जाणकार हमखास सांगतो, 'पॉवरशेल उघड, क्लिअर-टीपीएम मार, रीस्टार्ट कर.' दुसरा तितक्याच ठामपणे बजावतो, 'चिपला हात लावलास तर सगळा डेटा गेला म्हणून समज.' चुकतात दोघेही; पहिला जरा जास्त.

आधी दुसऱ्याचं पाहू. टीपीएम म्हणजे लॅपटॉपमधली सुरक्षा चिप. तिच्यात फोटो, फाइली नसतात. असतात त्या किल्ल्या. विंडोजच्या बिटलॉकरने डिस्क कुलूपबंद केली असेल तर चिप पुसल्यावरही डेटा जागच्या जागी राहतो, फक्त कुलूप आपोआप उघडत नाही. निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. ती हाताशी असेल तर दोन मिनिटांचं काम. नसेल तर डेटा असून नसल्यासारखा. भीती खरी, कारण मात्र चुकीचं.

पहिल्याला वाटतं, पुसलं की चिप कोरी करकरीत. तसं होत नाही. टीपीएम २.० मध्ये साठवणुकीच्या किल्ल्यांचं मूळ बीज बदलतं, पण चिपची स्वतःची ओळख ज्यातून निघते ते बीज तसंच राहतं. आणि चुकीचे पिन टाकून चिप अडून बसली असेल, तर पुसण्याची घाई नको: विंडोजच्या नेहमीच्या मांडणीत ३२ चुकांनंतर ती अडते आणि दर १० मिनिटांनी एक चूक विसरते. तिथे चहा घेऊन येणं हा जास्त शहाणा उपाय.

मग ही कमांड निरुपयोगी? मुळीच नाही. २०१७ मध्ये इन्फिनिऑनच्या चिपांमध्ये 'रोका' हा दोष उघड झाला: आरएसए किल्ल्या कच्च्या बनत होत्या. फर्मवेअर सुधारलं तरी आधी बनलेल्या किल्ल्या कच्च्याच राहिल्या. चिप पुसून नव्या बनवणं भागच होतं. जुना लॅपटॉप दुसऱ्याला देतानाही डिस्कसोबत चिप पुसावीच.

राहिला कमांड लाइनच्या काळ्या खिडकीचा धसका. माउसने टीपीएमच्या खिडकीतलं 'क्लिअर' दाबलं तरी पुसलं जातं तेच. उलट कमांड लाइनवर आधी विचारता येतं: गेट-टीपीएम चिपची अवस्था सांगते, मॅनेज-बीडीई रिकव्हरी की दाखवते. लिनक्समध्ये पुसण्याची विनंती म्हणून ५ हा आकडा नोंदवला, तरी लगेच काही पुसलं जात नाही. मशीन पुन्हा सुरू होताना फर्मवेअर सहसा समोर बसलेल्या माणसाकडूनच कळ दाबून होकार घेतं.

कमांड देण्याआधी ते ४८ अंक कागदावर उतरवा. आणि तो कागद लॅपटॉपच्याच बॅगेत ठेवू नका.