छायाचित्राखालची नावे

छायाचित्र खोटे बोलत नाही, असे आपण मोठ्या विश्वासाने म्हणतो. असेलही, परंतु त्याखालची ओळ छायाचित्र लिहीत नाही, मनुष्य लिहितो, आणि मनुष्यास घाई असते.

२३ फेब्रुवारी १९४५ रोजी इवो जिमा या जपानी बेटावर, सुरिबाची डोंगराच्या माथ्यावर, सहा अमेरिकन सैनिक ध्वज उभारीत असता जो रोझेन्थल याने टिपलेले छायाचित्र बहुतेक सुशिक्षितांनी पाहिले असेल. स्थळाविषयी शंका नव्हती. पण सहांपैकी एकाचाही चेहरा धड दिसत नाही. तथापि युद्धकर्ज उभारण्यासाठी सरकारला वीर हवे होते, आणि ते तातडीने हवे होते. सहा नावे जाहीर झाली. त्यांतील तीन चुकीची निघाली!

काठीच्या बुंध्याशी वाकलेला पाठमोरा सैनिक म्हणून हॅन्सन याचे नाव लागले. वस्तुतः तो हार्लन ब्लॉक होता, आणि त्याच्या आईने नुसत्या पाठीवरून त्यास ओळखले होते. त्या सहांतील आयरा हेज यासही सत्य ठाऊक होते. परंतु आपणांस गप्प राहण्यास सांगण्यात आले, असे तो पुढे म्हणाला. अखेर १९४६ मध्ये तो टेक्ससला ब्लॉकच्या वडिलांकडे गेला, आणि १९४७ मध्ये चूक दुरुस्त झाली. उरलेल्या दोन चुकांस मात्र सत्तर वर्षांहून अधिक काळ लागला. ब्रॅडलीच्या जागी शुल्ट्झ हे नाव २०१६ मध्ये आले, आणि गॅग्नन याच्या जागी केलर हे २०१९ मध्ये. शुल्ट्झ १९९५ मध्ये व केलर १९७९ मध्येच वारला होता. ब्रॅडलीविषयीची चूक प्रथम उजेडात आणली ती कोणा सेनाधिकाऱ्याने नव्हे, तर पोशाखातील बारीकसारीक भेद चिकाटीने ताडून पाहणाऱ्या दोन हौशी अभ्यासकांनी.

यावर काही सद्गृहस्थ विचारतात, "ध्वज तर उभारला गेला ना? मग इतक्या वर्षांनी हा काथ्याकूट कशास? प्रतीकास का कोठे नाव असते?" या युक्तिवादाचे आम्हांस नवल वाटते. प्रतीकास नावाची गरजच नव्हती, तर १९४५ साली नावे देण्याची एवढी धांदल का उडाली? कर्जरोखे खपविताना नाव मोलाचे, आणि तेच नाव चुकले म्हणजे क्षुल्लक, हा कोठला न्याय?

दुसरा आक्षेप असा की, दुरुस्तीने वीरांचा अपमान होतो. तोही फोल आहे. ब्रॅडलीला नेव्ही क्रॉस हे पदक मिळाले ते दोन दिवस आधी गोळीबारात धावून जाऊन जखमी सैनिकाची शुश्रूषा केल्याबद्दल. या छायाचित्रावाचून त्याचे शौर्य अडलेले नाही. अपमान झाला असेल तर तो, मुलगा गमावून वर त्याचे नावही गमावलेल्या त्या मातेचा.

आपल्याकडेही मेसोपोटेमियात किंवा इटलीत लढलेल्या आजोबा-पणजोबांची छायाचित्रे अनेक घरांतील पेट्यांत पडून आहेत. ओळखणारी वडीलधारी माणसे हयात आहेत तोवर त्यांच्यामागे नाव, गाव, पलटण लिहून ठेवावी. आणि खात्री नसेल तेथे निःसंकोच 'अज्ञात' लिहावे. रिकामी जागा पुढे कोणीतरी भरील. परंतु खोट्या नावाने अडविलेली जागा मोकळी करण्यास कधी कधी सत्तर वर्षेही पुरत नाहीत.