आईच्या चुलीवरून आलेले तीन तारे

मिळालेला मान परत करायचा म्हटला, तर कुणीही दहादा विचार करील. त्यातून तो मान असा, की ज्याच्यासाठी फ्रान्समधले आचारी उभं आयुष्य भट्टीपुढे घालवतात! पण 2017च्या सप्टेंबर महिन्यात दक्षिण फ्रान्समधल्या एका डोंगराळ गावातल्या शेफने नेमकं हेच केलं. सेबास्तियाँ ब्रास हे त्याचं नाव. कॅमेऱ्यापुढे उभं राहून त्याने शांतपणे सांगितलं, की पुढच्या वर्षीच्या मिशेलिन मार्गदर्शिकेत आमच्या रेस्तराँचं नाव छापू नका. आम्हाला तुमचे तारे नकोत.

तारे एक-दोन नव्हते, तीन होते. टायर बनवणाऱ्या मिशेलिन कंपनीने 1900 साली मोटारवाल्यांसाठी ही मार्गदर्शिका काढली. पुढे तीत रेस्तराँना तारे मिळू लागले. एक तारा म्हणजे जेवण चांगलं, दोन म्हणजे वाट वाकडी करून जावं असं, आणि तीन म्हणजे केवळ या जेवणासाठी मुद्दाम प्रवास करावा असं! 2017 साली अख्ख्या फ्रान्समध्ये तीन तारेवाली रेस्तराँ होती अवघी सत्तावीस. त्यातलं एक सेबास्तियाँचं. ते ना पॅरिसमध्ये होतं, ना समुद्रकाठच्या श्रीमंती शहरात. ते होतं लायोल नावाच्या गावाबाहेरच्या उघड्या टेकडीवर.

फ्रेंच लोक हे नाव लिहितात एक आणि उच्चारतात दुसरंच. ओब्राकच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे हजार मीटर उंचीवर हे गाव वसलंय. वस्ती जेमतेम हजार-बाराशेची. जमिनीत ज्वालामुखीचा काळा दगड, अगदी आपल्या सह्याद्रीतल्यासारखा. हिवाळा लांबलचक, बर्फ भरपूर. झाडं कमी, गवत उदंड. गावच्या चौकात पुतळा आहे तोही कुणा सेनापतीचा नव्हे, तर बैलाचा. ओब्राक जातीचा धिप्पाड बैल! या गावाला जगवलं ते गुरांनी, हे गाव विसरलेलं नाही.

अशा ठिकाणी पोट भरणं सोपं नव्हतं. त्यामुळे इथली तरुण पोरं एकोणिसाव्या शतकात पॅरिसची वाट धरू लागली. आपल्याकडे कोकणातला चाकरमानी मुंबईला आला, तशातलाच प्रकार. त्यांनी पॅरिसमध्ये आधी पाणी वाहिलं, कोळसा विकला, मग कोळशाच्या वखारीतच दारूचे पेले भरायला सुरुवात केली आणि होता होता कॅफे उघडले. पॅरिसची सुप्रसिद्ध ब्रासरी लिप 1920 साली ज्याने विकत घेतली तो मार्सेलाँ काझ याच लायोलचा सुपुत्र. गावात बनणाऱ्या लायोल चाकूला पुढे बाटलीचं बूच उघडायचा स्क्रू बसला, तोही पॅरिसमध्ये कॅफे चालवणाऱ्या या गाववाल्यांच्या सोयीसाठीच!

पण सगळेच गेले नाहीत. काही मागे राहिले. त्यातलंच एक ब्रास कुटुंब.

सेबास्तियाँचे आजोबा लोहार. आजी आंजेल. दोघांनी गावात लू माझ्युक नावाची साधीशी खानावळ चालवली. गुरांचे व्यापारी, शेतकरी, वाटसरू यायचे. आंजेल त्यांना इथलंच, घरचंच रांधून घालायची. तिच्या हातचा खास पदार्थ म्हणजे आलिगो. उकडलेला बटाटा घोटून मऊसूत करायचा, त्यात लोणी, साय, जराशी लसूण आणि तोम नावाचं ताजं, न मुरवलेलं चीज घालायचं आणि लाकडी डावाने ते गरम मिश्रण फेटत, उचलत राहायचं. थोड्या वेळाने त्याची अशी तार धरते, की डाव डोक्याच्या वर उचलला तरी तुटत नाही. लागते ताकद दंडात आणि मनगटात! स्पेनमधल्या सांतियागोच्या यात्रेला पायी जाणारे भाविक या पठारावरच्या मठात मुक्कामाला थांबत. त्यांना मठातले साधू ब्रेड आणि तोम यांचं गरमागरम मिश्रण वाढत, त्यातून हा पदार्थ आला असं सांगतात. बटाटा आला नंतर.

आंजेलचा मुलगा मिशेल. जन्म 1946चा. हा कुठल्या बड्या शेफच्या हाताखाली शिकला नाही. आईच्या शेजारी उभं राहून शिकला. उरलेलं ज्ञान पुस्तकांतून आणि पठारावरच्या भटकंतीतून. त्याला लांब पल्ल्याच्या धावण्याचा नाद होता. एका जून महिन्यात तो असाच धावत होता. ओब्राकला वसंत उशिरा येतो, पण येतो तो एकदम. सगळं कुरण फुलांनी भरून गेलेलं, हवेत गवताचा आणि रानवनस्पतींचा वास. मिशेलच्या मनात आलं, हे सगळं असंच्या असं ताटात का उतरवू नये?

त्यातून जन्मला गारगुयू. नाव जुनंच. मूळचा गारगुयू म्हणजे गरीब गुराख्यांचं बटाटा आणि डुकराच्या खारवलेल्या मांसाचं रटरटवलेलं कालवण. मिशेलने नाव ठेवलं आणि ताट पार बदलून टाकलं. पन्नास-साठ, कधी त्याहूनही जास्त प्रकारच्या भाज्या, कोवळी पानं, फुलं, बिया, कोंब, मुळं! प्रत्येक भाजी वेगळी शिजवायची, कारण गाजराला लागणारा वेळ वेगळा आणि वाटाण्याला लागणारा वेगळा. काही नुसत्याच वाफवायच्या, काही कच्च्याच ठेवायच्या. मग खारवलेल्या मांसाचा पातळ काप तव्यावर परतायचा, त्यावर भाज्यांचा रस आणि लोणी घालायचं आणि त्यात या सगळ्या भाज्या घोळवायच्या. (शुद्ध शाकाहारी मंडळींनी नोंद घ्यावी!) आज मळ्यात आणि रानात जे मिळालं तेच आज पानात. त्यामुळे सोमवारचा गारगुयू गुरुवारी मिळत नाही.

आता यात नवल ते काय, असं कोकणातली किंवा जव्हार-मोखाड्यातली एखादी आजी विचारील. पहिला पाऊस पडला की टाकळा, शेवळं, फोडशी, भारंगी, कुर्डू आणायला ती रानात जातेच की! आणि तिचं म्हणणं खरंच आहे. मिशेल ब्रासने रानभाजी शोधून काढली नाही. त्याने केलं ते एवढंच, की जिची गावात कुणाला किंमत नव्हती तिला मेजवानीच्या पानात मानाची जागा दिली. एरवी फ्रान्समध्ये बड्या जेवणाचा मान मांसाला, माशाला. भाजी बिचारी कडेला! ब्रासच्या ताटात भाजी मधोमध आली. ओब्राकच्या कुरणात सिस्त्र नावाची शोपेच्या कुळातली एक बारीक पानांची वनस्पती उगवते. तिचंच पान ब्रास मंडळींनी आपलं बोधचिन्ह केलं.

1981 साली मिशेलने आणखी एक उद्योग केला. वरून केक, आणि सुरी लावली की आतून गरम चॉकलेटचा ओघळ! घट्ट गोठवलेल्या चॉकलेटचा गोळा पिठाच्या पोटात ठेवून भाजायचा, ही त्यामागची युक्ती. बर्फावर हुंदडून गारठून आलेल्या घरच्या मंडळींनी गरम चॉकलेटचे पेले हातात घेतले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी खुलावट आली ती पाहून त्याला हे सुचलं. जमायला मात्र दोन वर्षं लागली. आज भारतातल्या शहरांत पोरं पिझ्झाबरोबर जो चोको लाव्हा केक मागतात, त्याचा हा थोरला भाऊ. न्यूयॉर्कच्या झाँ-झोर्ज वोंगेरिश्टेन या शेफलाही 1987 साली अर्धवट भाजलेल्या केकमधून असाच पदार्थ गवसला. त्यामुळे लाव्हा केकचा बाप कोण, हा वाद अधूनमधून रंगतो.

1992 साली ब्रास कुटुंबाने गाव सोडून टेकडी गाठली. ल सुके नावाच्या टेकडीवर, सुमारे बाराशे मीटर उंचीवर, काच आणि दगडाची इमारत उभी राहिली. मोठमोठ्या काचांतून पठार थेट जेवणाऱ्याच्या समोर! इथे बसल्यावर एक लायोल चाकू मिळतो. तो शेवटपर्यंत बदलायचा नाही. इतर बड्या रेस्तराँत प्रत्येक पदार्थागणिक सुरी बदलते. पण इथला शेतकरी एकाच चाकूने ब्रेड कापी, चीज कापी, मांस कापी आणि तो पुसून खिशात टाकी. तीच रीत इथे पाळली जाते. आणि एवढ्या थाटामाटाच्या जेवणात आलिगो आला नाही असं नाही. आंजेल आजी उतारवयातही टेकडीवर येऊन डाव हातात घ्यायची!

1999 साली तिसरा तारा मिळाला. जगभरातून माणसं येऊ लागली. माणशी शेकडो युरो मोजून जेवू लागली. लोहाराच्या खानावळीतून निघालेली वाट शिखरावर पोचली होती. मिशेलने पुढे हळूहळू सूत्रं मुलाकडे दिली. सेबास्तियाँच्या लहानपणीचा खाऊ होता ब्रेडच्या तुकड्यावर दुधाची साय आणि किसलेलं चॉकलेट. मोठेपणी त्या सायीतूनच त्याने नवा पदार्थ घडवायला घेतला. बाप-लेकाच्या या सोपवासोपवीवर 2012 साली फ्रान्समध्ये एक चित्रपटही झळकला.

मग सेबास्तियाँला नको कशाचं झालं?

त्याचं उत्तर साधं होतं. मिशेलिनचे निरीक्षक वर्षातून दोन-तीनदा येतात, पण कधी ते सांगत नाहीत. त्याच्या स्वयंपाकघरातून रोज पाचशे ताटल्या बाहेर जात. त्यातली कुठलीही एक त्या निरीक्षकापुढे पडू शकते. म्हणजे रोज, प्रत्येक ताटली ही परीक्षा! हा ताण तिथल्या प्रत्येक शेफच्या मानगुटीवर असतो. 2003 साली बर्नार लुआझो या नामवंत फ्रेंच शेफने आत्महत्या केली. त्याचा तिसरा तारा जाणार अशी कुजबुज तेव्हा चालू होती. तारा गेला नव्हता, माणूस गेला. सेबास्तियाँने बोलताना त्याचीही आठवण काढली. नाव कमी झालं तरी चालेल, पण माझं अन्न मोकळ्या मनाने रांधू द्या, असं त्याचं म्हणणं.

मिशेलिनने ऐकलं. 2018च्या आवृत्तीत ब्रासचं नाव नव्हतं. गावात काहींना धाकधूक वाटली नसती तरच नवल, कारण पाहुणा आला की तो चाकू विकत घेतो, चीज घेतो, रात्रीचा मुक्काम करतो. पण कथेला आणखी एक वळण होतं. 2019ची मार्गदर्शिका निघाली तेव्हा ब्रासचं नाव पुन्हा हजर, दोन ताऱ्यांसह! मिशेलिनचं म्हणणं असं, की तारे आचाऱ्याच्या मालकीचे नसतात, ते वाचकांसाठी असतात. सेबास्तियाँ चकित झाला. मागितला नसताना मान मिळाला, आणि तोही एक तारा कापून! त्याने खांदे उडवले आणि तो कामाला लागला.

‘फार्म टू टेबल’ म्हणजे शेतातून थेट पानात, ही कल्पना आता जगभर रुळली आहे. अमेरिकेत बर्कले इथे अ‍ॅलिस वॉटर्स या बाईंनी 1971 साली शे पानीस रेस्तराँ काढून तिचा पाया घातला असं मानतात. पण शेतच उरलं नाही, तर पानात वाढणार काय? ओब्राकमध्ये ती वेळ जवळजवळ आली होती. उन्हाळ्यात दगडी झोपड्यांत राहून चीज बनवणारी माणसं कमी होत चालली होती. तेव्हा 1960 साली तिथल्या काही तरुण शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली. नाव ठेवलं ‘झन मोंताञ’, म्हणजे तरुण डोंगर. पुढच्याच वर्षी लायोल चीजला कायद्याचं संरक्षण मिळालं. दूध कुठल्या जातीच्या गाईचं हवं आणि तिला काय घालायचं नाही, याचे नियम ठरले. मक्याचा मुरघास बंद, गवत हवं! मिशेल ब्रासने टेकडीवर काचेचं घर बांधलं त्याच्या तीस वर्षं आधी या मंडळींनी त्याच्या पानातलं चीज वाचवून ठेवलं होतं. या सहकाराला कुणी तारे दिले नाहीत. सहकाराने काय होऊ शकतं, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला वेगळं सांगायला नको.

ल सुके हिवाळ्यात बंद असतं. बर्फाखाली मळा झोपला, की चूलही झोपते. वसंतात ती पुन्हा पेटते. मग 25 मेच्या सुमाराला पायथ्याच्या गोठ्यांतून गाई निघतात. शिंगांना फुलं आणि कागदी माळा, गळ्यात मोठाल्या घंटा. आपल्या पोळ्याचीच आठवण व्हावी! रस्त्याच्या दुतर्फा गाव उभं राहतं. गाई वर कुरणात जातात आणि शरद ऋतूपर्यंत तिथेच राहतात. 1999 साली तीन तारे होते तेव्हाही त्या गेल्या, 2018 साली एकही नव्हता तेव्हाही गेल्या.