पहिला फटका कुणाच्या नावावर?

गोल्फमध्ये पहिला चेंडू झाडीत गेला आणि सोबत्यांनी ‘जाऊ दे, पुन्हा मार’ म्हटले, की त्या फुकटच्या दुसऱ्या फटक्याला ‘मुलिगन’ म्हणतात. वाया गेलेला फटका कार्डावर लिहायचा नाही, दंडही लावायचा नाही. 1920च्या दशकात कॅनडातील माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट क्लबात डेव्हिड मुलिगन नावाचे हॉटेलवाले खेळत; त्यांच्यावरून हा शब्द पडला, असे बहुतेक जण सांगतात. खडबडीत रस्त्याने गाडी हाकून त्यांचे हात थरथरत होते, म्हणून मित्रांनी सवलत दिली, ही त्यातली एक कथा. न्यू जर्सीतल्या एका क्लबात काम करणाऱ्या दुसऱ्याच मुलिगनला मान देणारेही आहेत. कथा कोणतीही धरा, गोल्फच्या अधिकृत नियमांत मुलिगनला जागा नाही. आपल्या गल्लीतल्या ‘ट्राय बॉल’सारखा तो खेळणाऱ्यांनी आपसात मिटवायचा मामला.

खानदेशात असा दुसरा फटका शेतात मारावा लागतो. त्याला दुबार पेरणी म्हणतात. तापीकाठी चोपडा, यावल, शिरपूरकडे विहीर आणि ठिबक असलेला शेतकरी मेअखेरीसच कापूस लावून मोकळा होतो. अमळनेर, पारोळा, शिंदखेड्याचा कोरडवाहू शेतकरी मृगाची वाट पाहतो. कधी धूळपेरणीचा जुगारही खेळतो. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होईपर्यंत थांबा, असे कृषी खाते बजावते. सल्ला रास्त आहे. पण लागवड लांबली की उत्पादन घटते, हेही शेतकऱ्याला ठाऊक असते. म्हणून तो पहिल्या सरीवर सरकी टोबतो, पुढे पावसाची लांब उघडीप पडते आणि कोंब करपतात.

मग पुन्हा बियाणे, पुन्हा मजुरी. 475 ग्रॅमच्या बीटी पाकिटाची केंद्राने ठरवलेली कमाल किंमत 2024 मध्ये 864 रुपये होती आणि एकरी साधारण दोन पाकिटे लागतात. पहिल्या वेळचे खत आणि मशागत यांचा हिशेब तर कुणी धरतच नाही.

विम्याची गोष्ट याहून वेगळी नाही. पेरणी न होणे किंवा बियाणे न उगवणे यासाठी पीक विम्यात आधी वेगळे संरक्षण तरी होते, तेही मोठ्या क्षेत्रावर पेरणी खोळंबली तरच. 2025च्या खरिपापासून राज्यात तेही गेले. भरपाई आता पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर ठरते. म्हणजे ज्याने कर्ज काढून दुबार लागवड केली आणि पीक बऱ्यापैकी आणले, त्याचे नुकसान झालेच नाही, असे कागद सांगणार. वाया गेलेला फटका गोल्फच्या कार्डावर लिहीत नाहीत, तो खेळणाऱ्यावर उपकार. शेतकऱ्याचा लिहीत नाहीत, तो त्याच्या माथी बसलेला खर्च.

उपाय फार अवघड नाही. महसूल मंडळांत हवामान केंद्रे आहेत. पावसाचा खंड त्यांत रोजच्या रोज नोंदला जातो. त्या नोंदीवर मंडळातली पेरणी वाया गेल्याचे जाहीर करावे आणि दुसऱ्या पेरणीचे बियाणे सरकारने द्यावे. पंचनाम्याची वाट पाहत बसले तर आर्द्रा नक्षत्रही निघून जाते. मित्रांच्या मर्जीवर चालते ती सवलत गोल्फपुरती ठीक. शेतकऱ्याला ती नियमात लिहून मिळाली पाहिजे.